प्रयोगशाळेतल्या उंदरांना नावं ठेवावीत का?

बोरूबहाद्दर
शीर्षकाचे दोन्ही अर्थ लागतात याची कल्पना आहे. मला सरळ अर्थ हवाय.

पीएचडीचं पहिलं वर्ष. स्मृतीवर परिणाम करणाऱ्या एका द्रव्यावर काम आहे आणि त्यासाठी २४ रॅट मिळालेत. (रॅट म्हणजे मोठा, माऊस म्हणजे चिमुकला. मराठीत दोघांनाही उंदीर म्हणून आपण मोकळे होतो.) पहिला आठवडा नुसतं हँडलिंग. रोज एकेकाला हातात घ्यायचं, पाच मिनिटं बसायचं, परत ठेवायचं. पुढे चक्रव्यूहात सोडताना त्यांनी हाताला घाबरू नये म्हणून.

कानातल्या खाचांवरून नंबर ओळखतो. त्यात १७ नंबर आहे. झाकण उघडलं की सगळ्यांच्या आधी बाहीला धरून वर चढतो आणि कोपराच्या खोबणीत जाऊन बसतो. परवा नकळत त्याला एका नावाने हाक मारली. शेजारी सीनियर होत्या. म्हणाल्या, "नावं ठेवायची नाहीत. दहा आठवड्यांनी याचाच मेंदू काढायचाय तुला."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. ज्यांनी प्राण्यांवर काम केलंय त्यांनी सांगा: तुम्ही काय करता?

खवचट_खंडू
आम्ही उंदरांना नावं ठेवत नाही. गाईडला ठेवतो. रोज, नेमाने.

निशाचर
खंडू +१. गाईडही आम्हाला ठेवतात, हिशोब चुकता.

अनुस्वार
सीनियरबाईंची बाजू मांडते, कारण आज मीही नव्या मुलांना तेच सांगते.

माझ्या पहिल्या तुकडीत मी एका मादीचं नाव ठेवलं होतं. शेवटच्या दिवशी माझ्याने होईना. लॅबमधल्या एका मुलाला म्हटलं, हिचं तू कर, मी बाहेर थांबते. तो बिचारा आधीच घाईत होता. तिला त्याच्या हाताची सवय नव्हती. ती धडपडली, ओरडली, त्याच्या हातून निसटली, परत पकडली. दारातून मला सगळं ऐकू येत होतं. माझ्या हातात ती शांत राहिली असती, आठ आठवडे रोज राहत होती.

म्हणजे माझ्या मायेचा तिला शेवटच्या दोन मिनिटांत काय उपयोग झाला? त्यानंतर नाव ठेवलं नाही. आणि माझ्या प्राण्याचा शेवट दुसऱ्याच्या हाती दिला नाही.

बोरूबहाद्दर
अनुस्वार, हे वाचून थोडा वेळ स्क्रीन बंद करून बसलो.

आकडेमोड
भावनेचा मुद्दा बाजूला ठेवून शास्त्राचा सांगतो. धाग्याच्या प्रश्नाला एक थेट उत्तर १९६३ सालचं आहे.

रॉबर्ट रोझेन्थल आणि कर्मिट फोड यांनी १२ विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच रॅट दिले. निम्म्यांना सांगितलं, तुमचे उंदीर चक्रव्यूहात हुशार निघावेत म्हणून निवडून पैदास केलेत. उरलेल्यांना सांगितलं, तुमचे मंद आहेत. प्रत्यक्षात सगळे एकाच जातकुळीतले, वाटणी निव्वळ चिठ्ठ्या टाकल्यासारखी. तरीही 'हुशार' उंदरांचे गुण खरंच जास्त आले. हुशार म्हणून मिळालेल्या उंदरांना त्यांनी जास्त वेळा हातात घेतलं होतं, जास्त हळुवारपणे घेतलं होतं, असं त्यांच्याच सांगण्यातून दिसलं.

नाव ठेवल्याने तुम्ही हळवे व्हाल ही भीती मला दुय्यम वाटते. मला भीती आहे ती सतरावा लाडका झाल्याची. तेविसाव्याला तुम्ही जरा घाईने उचललंत तर त्या दोघांच्या निकालातला फरक द्रव्याचा की तुमच्या हाताचा, हे कोण सांगणार? म्हणून एकतर २४ही जणांची नावं ठेवा आणि चोविसांचे लाड करा, किंवा कुणाचेच करू नका. कुणाला द्रव्य आणि कुणाला सलाईन (तुलनेसाठी नुसतं मिठाचं पाणी) मिळालंय हे तुम्हाला कळता कामा नये. इंजेक्शनच्या बाटल्यांवरचे कोड दुसऱ्याकडून लिहून घ्या आणि गुण देऊन होईपर्यंत उघडू नका.

खवचट_खंडू
'हुशार' म्हटलं की मार्क वाढतात हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर आज मीही चक्रव्यूहाच्या बाहेर असतो.

विदुषी_नव्हे
हाताचा विषय निघालाच आहे तर वासाचाही घ्या. २०१४ मध्ये मॅकगिल विद्यापीठातल्या जेफ्री मोगिल यांच्या गटाला आढळलं की पुरुष प्रयोगकर्ता खोलीत असला, एवढंच काय त्याने रात्री घातलेला टीशर्ट जरी जवळ ठेवला, तरी उंदरांच्या अंगात ताण चढतो आणि त्या ताणाने वेदनेची प्रतिक्रिया दबते. बाईच्या टीशर्टने तसं होत नाही. आता विचार करा, वेदनाशामकाची चाचणी चालू आहे आणि शनिवारी ड्यूटी बदलून बाईऐवजी बुवा आला. औषध लागू पडलं असं वाटायचं, आणि लागू पडला असेल तो बुवा.

खवचट_खंडू
माझे टीशर्ट सजीवांना सहन होत नाहीत, या घरच्या निष्कर्षाला शास्त्रीय आधार मिळाला तर.

निशाचर
😂 यावर उपाय काय पण? पुरुषांनी पीएचडी सोडायची?

विदुषी_नव्हे
सोडायची नाही, बसायचं. खोलीत आधी जाऊन थोडा वेळ गप्प बसून राहिलं की परिणाम ओसरतो. आणि कोण प्रयोग करत होतं हे वहीत लिहायचं.

मुक्तछंद
सगळा धागा वाचला. माफ करा, पण नाव ठेवावं का, टीशर्ट कुणाचा, हात हळुवार होता का, ही सगळी आपल्या मनाची मलमपट्टी आहे. ज्याला दहा आठवड्यांनी मारायचं हे आधीच ठरलंय त्याची 'काळजी' घेणं हा शब्दच मला टोचतो. मागे वाचलं होतं की रॅटना गुदगुल्या केल्या की ते हसल्यासारखा आवाज काढतात म्हणे, आणि हल्ली हँडलिंगमध्ये गुदगुल्याही करतात. एकीकडे गुदगुल्या आणि दुसरीकडे कात्री? त्यापेक्षा सरळ म्हणा की आम्हाला त्यांचा उपयोग आहे आणि ते बोलू शकत नाहीत.

आणि ती एथिक्स कमिटी! संशोधकांचे अर्ज संशोधकांनीच मंजूर करायचे. उंदराला मांजर साक्ष.

पिंजरेवाला
मी संशोधक नाही. एका विद्यापीठाच्या प्राणीगृहात १९ वर्षं प्राणी सांभाळायचं काम करतो. एरवी नुसता वाचक आहे. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मुक्तछंद ताई/दादा, तुमचं मारण्याबद्दलचं म्हणणं मी खोडत नाही. पण ते दहा आठवडे तो जगत असतो ना. ते कुणीतरी सांभाळायला नकोत का?

बोरूबहाद्दर, नाव ठेवायचं की नाही हा प्रश्न आम्हाला पडत नाही, कारण नावं पडतातच. चावरा, झोपाळू, पाणीसांडू. ही पाणीसांडू म्हणजे एक मादी होती, रोज रात्री भुसा ढकलत ढकलत बाटलीच्या नळीपर्यंत न्यायची, सगळं पाणी भुश्यात आणि सकाळी पिंजऱ्याचं तळं. आमचं काम काय, तर सकाळी शे-दोनशे पिंजऱ्यांसमोरून चालत जायचं आणि जे कालच्यासारखं नाही ते हेरायचं. उंदीर दुखणं दाखवत नाही. दुसऱ्याचं भक्ष्य होणारी जात ती, लंगडला की संपला. त्यामुळे ओरडण्याची वाट बघाल तर उशीर झालेला असतो. कालचा दंगेखोर आज पाठीला कुबड काढून कोपऱ्यात बसलाय, केस पिंजारलेत, डोळे अर्धे मिटलेत, एवढं पुरतं. वजनाचा काटा मागाहून सांगतो. कालचा कसा होता हे माहीत नसेल तर आजचा कसा कळणार? नंबराने मला ते जमत नाही. तुम्हाला जमत असेल तर जमवा.

दोन-तीन गोष्टी नव्या मुलांसाठी.

रॅटच्या डोळ्याभोवती, नाकाशी लाल दिसलं की मुलं पळत येतात, रक्त येतंय म्हणून. ते रक्त नसतं. डोळ्यामागच्या ग्रंथीतून पॉर्फिरिन म्हणून लाल द्रव्य येतं. धडधाकट रॅट तोंड धुतो तेव्हा ते पुसलं जातं. साठलेलं दिसलं म्हणजे ताण आहे, आजार आहे किंवा त्याने स्वतःकडे बघणं सोडलंय. रक्त नाही ना, मग ठीक, असं म्हणून पुढे जाऊ नका.

माऊसला घरट्यासाठी कागदाच्या पट्ट्या द्या. काहींना वाटतं ही चैन आहे. खोली आपण २२-२४ अंशांवर ठेवतो ती अंगावर एप्रन घातलेल्या माणसाच्या सोयीने. एवढ्याशा जिवाला अंगातली ऊब न जाळता राहायचं तर ३० च्या आसपास लागतं. घरटं म्हणजे त्याचं पांघरूण. आणि पट्ट्या सकाळी जशाच्या तशा पडल्या असतील तर तो पिंजरा आधी बघा.

नरांचा पिंजरा बदलताना जुन्या घरट्यातला थोडा कागद नव्यात टाकायचा. सगळा ओळखीचा वास एकदम गेला की रात्री मारामाऱ्या होतात. ओला, घाण भुसा मात्र नाही न्यायचा, त्याने उलट भडकतात. हे आमच्या जुन्या हेडने शिकवलं, छापील मी नंतर पाहिलं.

आता एक मनातलं. २०२० च्या टाळेबंदीत जगभर विद्यापीठांनी प्राण्यांची संख्या खाली आणली. आम्हालाही निरोप आला, दोन माणसांना सांभाळता येतील तेवढेच ठेवा. कुठल्याही प्रयोगात न जाता गेले ते. प्रयोगात जातात त्यांचं मी मनाला काहीतरी सांगतो, कुणाला तरी औषध मिळेल वगैरे. त्या आठवड्यातल्यांचं काय सांगायचं ते अजून सापडलेलं नाही.

अनुस्वार
पिंजरेवाला, नेहमी लिहीत जा हो.

निशाचर
दंडवत. असा प्रतिसाद वर्षातून एखादाच येतो.

गोठ्याबाहेरची_डॉक्टर
मी पशुवैद्य आहे आणि अशा एका समितीवर बसते, म्हणजे मुक्तछंद यांच्या म्हणीतली एक मांजर. म्हण पूर्ण खोटी नाही. समितीत बहुमत संशोधकांचंच असतं आणि शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याचा अर्ज अडवणं अवघड जातं. म्हणून तर बहुतेक ठिकाणच्या नियमांत पशुवैद्य, विज्ञानाबाहेरचं कुणी आणि संस्थेबाहेरचं कुणी असावं अशी तरतूद असते. माझा अनुभव सांगते: सगळ्यात अडचणीचा प्रश्न हमखास त्या बाहेरच्या माणसाकडून येतो. एका बैठकीत एका बाहेरच्या बाईंनी विचारलं, "हे सगळं कळलं, पण त्याला दुखतंय हे शनिवार-रविवारी कोण बघणार?" उत्तर कुणाकडेच नव्हतं. अर्ज परत गेला.

समितीत मी तीनच गोष्टी पुन्हा पुन्हा विचारते. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये त्या मांडल्या. प्राण्याशिवाय होईल का, कमी प्राण्यांत होईल का, आणि होणारच असेल तर त्रास कमी कसा होईल. तिसऱ्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं आणि तिथेच सगळ्यात पटकन काही करता येतं. माऊसला शेपटीने उचलायचं हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. २०१० मध्ये लिव्हरपूल विद्यापीठातल्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी दाखवलं की त्याला नळीत शिरू देऊन नळीसकट उचललं किंवा ओंजळीत घेतलं तर तो कितीतरी कमी घाबरतो. शेपटीने उचललेला माऊस हाताजवळ यायला तयार नसतो, नळीवाला स्वतःहून येऊन हुंगतो. आणि खर्च काय, तर एक नळी.

अजून एक. रॅट आणि माऊस यांना उलटी करता येत नाही. तरी भूल द्यायच्या आधी माणसासारखं रात्रभर उपाशी ठेवा असं अर्जात लिहिलेलं असतं. उलटी श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून माणसाला उपाशी ठेवतात. इथे ते कारणच नाही आणि एवढ्या लहान प्राण्याची रक्तातली साखर मात्र घसरते. विचारलं की उत्तर येतं, "आधीच्या अर्जात तसंच होतं."

खवचट_खंडू
"आधीच्या अर्जात तसंच होतं" हे आमच्या अख्ख्या विभागाचं बोधवाक्य आहे.

आकडेमोड
डॉक्टरांच्या दुसऱ्या मुद्द्याला जोड. कमी म्हणजे किती, याचा हिशोब आधी करायचा असतो. २४ लागत असताना दया म्हणून १० वापरले आणि निकाल ना धड इकडचा ना तिकडचा आला, तर वाचले १४ नाहीत, वाया गेले १०. मग वर्षाने दुसरा कुणीतरी तोच प्रयोग पुन्हा करतो. बोरूबहाद्दर, तुमचे २४ कुठून आले हे गाईडना विचारा. "नेहमी एवढेच घेतो" असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा.

मुक्तछंद
पिंजरेवाला, तुमच्या प्रतिसादाला माझ्याकडे उत्तर नाही. माझा राग तुमच्यावर नाही हे मात्र नोंदवतो.

डॉक्टर, तीनपैकी पहिल्या प्रश्नाचं काय? प्राण्याशिवाय. तिथे मात्र सगळे घाईघाईने "सध्या शक्य नाही" लिहून पुढच्या रकान्याकडे वळतात.

गोठ्याबाहेरची_डॉक्टर
वळतात, कबूल. पण जिथे जमलं तिथे काय झालं तेही बघा. १९२० च्या दशकाच्या शेवटापासून गर्भ राहिलाय का हे बघायला बाईची लघवी मादी माऊसला टोचत, मग तिला मारून अंडाशय बघत. पुढे ससे आले. मग आफ्रिकन बेडूक आले, त्यांना निदान मारावं लागत नसे, टोचलं की अंडी घालायचे. १९६० च्या सुमारास प्रतिपिंडांवर आधारलेली चाचणी आली आणि हळूहळू हे सगळं इतिहासजमा झालं. आज घरी पट्टीवर दोन रेघा बघणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. ही चाचणी प्राण्यांच्या दयेपोटी बदलली असं म्हणता येणार नाही. नवी पद्धत जलद होती, म्हणून ती टिकली. तुमच्या बाजूने लढायचं तर हे हत्यार वापरा: प्राण्यावाचूनची पद्धत जास्त चांगली ठरली की संशोधक आपणहून तिकडे जातात.

कलम_कसाई
कायद्याचं कुणी विचारलं नाही तरी सांगतो, सवय जात नाही. ब्रिटनमध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांचं नियमन करणारा पहिला कायदा १८७६ चा, त्याची जागा १९८६ च्या कायद्याने घेतली. युरोपीय संघाच्या २०१० च्या निर्देशात ऑक्टोपस-माखलीसारखे प्राणीही आत घेतले. आणि अमेरिकेचा प्राणी कल्याण कायदा १९६६ चा आहे, पण त्यातल्या 'प्राणी' या व्याख्येतून संशोधनासाठी पैदास केलेले रॅट, माऊस आणि पक्षी वगळलेत. सरकारी निधीतून होणाऱ्या संशोधनाला दुसरे नियम लागतात हे खरं, पण त्या कायद्यापुरता प्रयोगशाळेतला उंदीर हा प्राणी नाही.

निशाचर
मग काय आहे? भाजी?

कलम_कसाई
व्याख्येबाहेरचा.

विदुषी_नव्हे
व्याख्येवरून आठवलं. आपण 'मारलं' कधीच म्हणत नाही. "आज सहा सॅक्रिफाइस केले." इंग्रजी शब्द असल्याने जिभेवरून घसरून जातो. एकदा मनाशी मराठीत म्हणून बघा: "आज सहा बळी दिले." घशात अडकतं. शोधनिबंधाचा मराठी सारांश लिहिताना मी तासभर त्या एका क्रियापदावर अडकले होते, शेवटी "प्रयोगाअंती" असं लिहून क्रियापदच गाळलं. 😔

खवचट_खंडू
बळी तो कान पिळी म्हणतात. इथे बळी जाणाऱ्याचेच कान कापतात.

(ह.घ्या. लिहिणार होतो. पण हे हलकं घेण्यासारखं नाही बहुतेक.)

अनुस्वार
रशियात नोवोसिबिर्स्कला २०१३ मध्ये प्रयोगशाळेतल्या उंदराचा पुतळा उभारलाय. चष्मा लावलेली माऊसआजी दोन सुयांवर डीएनएची साखळी विणतेय. जपानमध्ये तर बऱ्याच विद्यापीठांत प्रयोगातल्या प्राण्यांसाठी वर्षातून एकदा स्मरणसभा भरते. आमच्याकडे मी हे सुचवलं तेव्हा "त्याचं बजेट कुठल्या शीर्षाखाली टाकायचं" असा प्रश्न आला.

मुक्तछंद
पुतळा उंदरासाठी की आपल्यासाठी?

अनुस्वार
आपल्यासाठीच. उंदराला नळी आणि कागदाच्या पट्ट्या पुरतात.

बोरूबहाद्दर
धागा वर काढतोय. अकरा आठवडे झाले. विचारलं मीच होतं, तर काय झालं ते सांगायला हवं.

आकडेमोड, कोड मैत्रिणीने लिहिले. कागद तिच्या कपाटात होता. कुणाला काय टोचतोय हे मला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. लाडाकोडाबाबत घड्याळ लावलं: प्रत्येकाला पाच मिनिटं, सतराव्यालाही पाचच. तो कोपराच्या खोबणीतून निघायला तयार नसायचा, तरी घंटा झाली की खाली. तेविसावा सुरुवातीला मुठीत थरथरायचा. सहाव्या आठवड्यात एक दिवस तोही बाहीत शिरला.

पिंजरेवाला, नवव्या आठवड्यात ११ नंबरच्या नाकाशी लाल दिसलं. तुमचा प्रतिसाद वाचला नसता तर पुसून पुढे गेलो असतो. पशुवैद्यांना बोलावलं. पुढचे दात वाकडे वाढले होते, खाताच येत नव्हतं. त्यांनी दात कापले, मऊ खाणं सुरू केलं, चार दिवसांत वजन परत आलं.

शेवटच्या दिवसासाठी आधी पशुवैद्यांकडे जाऊन हात बसवून घेतला. क्रम चिठ्ठ्या टाकून काढला. सतरावा नववा आला. सगळे मीच केले. सीनियर दिवसभर शेजारी उभ्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त प्रत्येक वेळी वहीत वेळ लिहीत होत्या.

परवा कोड उघडले. सतरावा सलाईन गटातला निघाला.

नावाचं म्हणाल तर वहीत कुठेही नाही. हाक मारायचो.

अनुस्वार
स्वतः केलंत. बास.

पिंजरेवाला
अकरा नंबरचं वाचून बरं वाटलं. आता भुसा बदलणाऱ्यालाही सांगा की दात वाढलेला एक निघाला होता. त्याच माद्यांची पुढची पिल्लं असतील तर तोंड उघडून बघायला हवं.

नवा_भिडू
नमस्कार, मी पुढच्या महिन्यापासून माऊसवर काम सुरू करतोय. पूर्ण धागा वाचला. एक बारीक शंका: ती उचलायची नळी पुठ्ठ्याची चालते का? ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) टिकते?

पिंजरेवाला
टिकते, पण ओली निघते. नीट वाळल्याशिवाय पिंजऱ्यात टाकू नका. कुरतडून दोन दिवसांत संपवतात, त्यामुळे जास्तीच्या करून ठेवा. पारदर्शक प्लास्टिकची मिळाली तर धुऊन परत वापरता येते आणि आत बसलेला नीट आहे का तेही दिसतं. आधी दोन दिवस पिंजऱ्यातच राहू द्या, मग उचला.

नवा_भिडू
धन्यवाद काका. प्रत्येक पिंजऱ्याला वेगळी की एकच सगळीकडे?

पिंजरेवाला
वेगळी. दुसऱ्याच्या वासाची नळी तुम्हाला तरी आवडेल का?